प्यादे सोडल्यावर इंजिनाला काय दिसते?

बुद्धिबळाच्या थेट प्रक्षेपणात पटाशेजारी एक उभी पट्टी असते. पांढरा वरचढ असेल तर तिच्यात पांढरा रंग चढत जातो, काळा वरचढ असेल तर काळा. एखाद्या ग्रँडमास्टरने पाचव्या-सहाव्या खेळीलाच प्यादे सोडून दिले की ही पट्टी तत्काळ त्याच्याविरुद्ध सरकते आणि पाहणाऱ्यांत ‘चुकला, चुकला’ असा एकच गलका होतो. दहा खेळ्यांनी पट्टी पुन्हा मधोमध आलेली असते. कधी तर प्यादे सोडणाराच डाव जिंकून उठतो. मग चुकले कोण, खेळाडू की संगणक?

बहुतेक वेळा कोणीच चुकलेले नसते. पट्टीवरचा आकडा एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर असतो आणि आपण तो भलत्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचतो. तो प्रश्न कोणता, हे कळण्यासाठी इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, आत काय करते ते पाहावे लागेल. त्याला गणित फारसे लागत नाही, थोडा धीर मात्र लागतो.

## गँबिट म्हणजे काय, आणि काय नव्हे

डावाच्या आरंभी मुद्दाम एखादे प्यादे, क्वचित मोठे मोहरे, देऊ करायचे आणि त्या बदल्यात दुसरे काहीतरी मिळवायचे, याला गँबिट म्हणतात. हे ‘दुसरे काहीतरी’ सहसा वेळ, मोकळ्या वाटा किंवा समोरच्या राजाचे उघडे पडणे यांपैकी असते. समोरचा प्यादे मारून ते सांभाळण्यात दोन-तीन खेळ्या घालवतो, तेवढ्यात आपले घोडे आणि उंट कामाला लागतात. तीन खेळ्यांची आघाडी म्हणजे साधारण एका प्याद्याची किंमत, असा ठोकताळा जुने शिक्षक सांगत आले आहेत.

पटावरचे उभे स्तंभ ए ते एच आणि आडव्या ओळी १ ते ८ असे धरले, तर किंग्ज गँबिट असा सुरू होतो: पांढऱ्याचे प्यादे ई४ वर, काळ्याचे ई५ वर, आणि पांढरा दुसऱ्याच खेळीला एफ४ वर प्यादे पुढे करतो. घ्यायचे तर घ्या. १८५१ साली लंडनमध्ये अँडरसनने किझेरित्स्कीविरुद्ध जो ‘अमर डाव’ खेळला तो याच आरंभातून आला. त्यात अँडरसनने एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन उरलेल्या लहान मोहऱ्यांनी मात केली. एकोणिसाव्या शतकातल्या खेळाडूला बुद्धिबळ म्हणजे हेच वाटत असे.

सगळ्यात प्रसिद्ध गँबिट मात्र खऱ्या अर्थाने गँबिट नाहीच. क्वीन्स गँबिटमध्ये डी४, डी५ यानंतर पांढरा सी४ वर प्यादे ठेवतो. काळ्याने ते मारले तर मारता येते, पण राखता येत नाही. पांढरा ई३ खेळतो, काळा हट्टाने बी५ खेळून प्याद्याला आधार देतो, पांढरा ए४ खेळून तो आधार पोखरतो, काळा सी६, पांढरा बी५ वर मारतो, काळा परत मारतो, आणि पांढऱ्याचा वजीर एफ३ वर येऊन थेट ए८ च्या हत्तीवर रोखला जातो. काळ्याचे मोठे मोहरे जाणार हे नक्की. हा सगळा प्रकार इंजिनाला क्षणार्धात दिसतो, म्हणून क्वीन्स गँबिट खेळल्यावर पट्टी हलत नाही. प्यादे परत मिळणार हे आधीच दिसत असताना तोटा कसला मांडायचा?

खरा प्रश्न जिथे प्यादे परत मिळत नाही तिथला आहे.

## शोध आणि मूल्यांकन

इंजिनाची कामे दोन. पहिले शोध: मी ही खेळी केली तर तो काय करेल, मग मी काय करेन, अशा फांद्या पसरत जाणे. दुसरे मूल्यांकन: फांदी कुठेतरी थांबवायची आणि तिथल्या स्थितीला एक आकडा द्यायचा. आकडा प्याद्यांच्या हिशेबात असतो. अधिक एक म्हणजे पांढऱ्याकडे साधारण एका प्याद्याएवढा फायदा, उणे एक म्हणजे काळ्याकडे.

फांद्या किती वेगाने वाढतात पाहा. सुरुवातीच्या स्थितीत पांढऱ्याला २० खेळ्या करता येतात. दोघांची एकेक खेळी झाली की ४०० शक्यता, दोन-दोन झाल्या की १,९७,२८१. पुढे तर विचारायलाच नको. क्लॉड शॅननने १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात बुद्धिबळाच्या संभाव्य डावांचा अंदाज एकावर १२० शून्ये इतका मांडला होता. म्हणून कोणतेही इंजिन सगळे पाहत नाही. ते छाटणी करते. एखाद्या खेळीला समोरच्याकडे एक जरी सणसणीत उत्तर सापडले तरी ती खेळी बाद, बाकीची उत्तरे तपासायची गरज नाही. ही छाटणी निर्धोक असते. उत्तर बदलत नाही, फक्त कष्ट वाचतात.

दुसऱ्या छाटण्या मात्र अंदाजाच्या असतात. ज्या खेळ्या वरवर वाईट दिसतात त्या इंजिन कमी खोलीपर्यंत तपासते. आणि वरवर वाईट दिसणे हाच तर बलिदानाचा स्वभाव आहे! मोहरे फुकट देणारी खेळी यादीत खालच्या बाजूला जाते, तिच्यावर कमी वेळ खर्च होतो, आणि बलिदानानंतरची खेळी शह किंवा मारामारी नसून शांत असेल तर ती आणखी उशिरा नजरेत येते. १९९८ च्या लिनारेस स्पर्धेत शिरॉव्हने टोपालॉव्हविरुद्ध ४७ व्या खेळीला आपला उंट एच३ वर नुसता नेऊन ठेवला, राजाला पुढे यायला एक खेळी वाचावी एवढ्यासाठी. ती खेळी कित्येक वर्षे इंजिनांना सापडत नसे. तो आरंभ नव्हता, डावाचा शेवट होता, पण अडचण हीच.

## जमाखर्चाची वही

मूल्यांकनाकडे येऊ, कारण गँबिटची खरी कथा तिथे आहे. समजा कोणी महिन्याचा हिशेब ३० तारखेला मिटवतो. महिनाभरात झालेला खर्च वहीत चढला आहे, पण त्या खर्चातून येणारा पैसा पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला हातात पडणार आहे. ३० तारखेची वही पाहणाऱ्याला हा व्यवहार निव्वळ तोट्याचा दिसेल. वही खोटी नाही, ती लवकर मिटली इतकेच.

इंजिन आपली फांदी जिथे थांबवते तिथे त्याची वही मिटते. त्यापलीकडचे त्याला दिसत नाही. संगणकशास्त्रज्ञ आणि पत्राद्वारे खेळायच्या बुद्धिबळातला जगज्जेता हान्स बर्लिनर याने या दोषाला क्षितिज-परिणाम असे नाव दिले. मारामारी चालू असताना मधेच थांबू नये, सगळी देवघेव संपेपर्यंत पाहावे, असा उपाय इंजिनांनी फार पूर्वीच शोधला. त्याने वजीर मधेच मारला जाण्यासारख्या ढोबळ चुका थांबल्या. गँबिटला मात्र त्याचा उपयोग नाही. प्यादे मारून झाले की पट शांत असतो. देवघेव संपलेली असते. भरपाई असते ती मोकळ्या स्तंभांत, पुढे आलेल्या उंटांत, राजाच्या अडकलेपणात, आणि यांतले काहीच मारामारीच्या यादीत येत नाही.

यावर दोन मार्ग निघतात. एक तर वही उशिरा मिटवायची, म्हणजे शोध खोल न्यायचा. नाही तर वहीत खर्चाबरोबर ‘येणे’ही लिहायला शिकायचे, म्हणजे मूल्यांकन सुधारायचे. गेल्या पन्नास वर्षांत संगणकाने आधी पहिला मार्ग धरला, मग दुसरा. त्यामुळे वेगवेगळ्या काळातली इंजिने एकाच गँबिटबद्दल वेगवेगळे बोलतात.

## येणे जवळचे असेल तर

स्टॅफर्ड गँबिट ऑनलाइन झटपट डावांत फार लोकप्रिय झाला आहे. ई४, ई५, पांढऱ्याचा घोडा एफ३, काळ्याचा घोडा एफ६, पांढरा ई५ चे प्यादे मारतो, काळा दुसरा घोडा सी६ वर आणतो, घोडे मारले जातात, काळा डी-स्तंभातल्या प्याद्याने परत मारतो. काळ्याचे एक प्यादे गेले, पण दोन्ही उंटांना वाट मोकळी. पांढरा सावधपणे डी३ खेळतो. काळा उंट सी५ वर आणतो. पांढरा उत्साहाने उंट जी५ वर नेतो, काळ्याचा घोडा वजिरासमोर जखडतो. आणि काळा तो घोडा सरळ ई४ वर मारतो! पांढऱ्याने वजीर मारला की काळ्याचा उंट एफ२ वर शह देतो, राजा ई२ वर येतो, दुसरा उंट जी४ वर, मात. वजीर देऊन दोन उंट आणि एका घोड्याने मात.

माणूस यात सापडतो. इंजिन कधीच नाही. वजीर मारल्यापासून मातेपर्यंत अंतर अवघे दोन खेळ्यांचे, आणि इंजिन त्याच्या कितीतरी पट पुढे पाहते. सापळा लावणे हाच ज्या गँबिटचा प्राण आहे, त्याचे येणे वही मिटायच्या आतच आहे की नाही हे इंजिनाला स्वच्छ कळते. नाही, असे कळले की ते प्यादे खिशात घालते, नेमक्या तीन-चार बचावाच्या खेळ्या खेळते आणि पट्टी काळ्याविरुद्ध दीड-दोन प्याद्यांएवढी झुकते. या निकालावर विश्वास ठेवावा. तांत्रिक हाणामारीत यंत्राशी वाद घालण्यात अर्थ नाही.

हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे. जे प्यादे माणूस भीतीने मारत नाही ते इंजिन मारते. सिसिलियन बचावातल्या नायडॉर्फ प्रकारात काळ्याचा वजीर बी२ वरचे ‘विषारी प्यादे’ मारतो. १९७२ च्या जागतिक अजिंक्यपदाच्या ११ व्या डावात फिशरने स्पास्कीविरुद्ध ते मारले, त्याचा वजीर अडकला आणि तो डाव हरला. माणसाच्या नजरेला काळा इथे क्षणोक्षणी मृत्यूच्या दाढेत असतो. इंजिनांनी वर्षानुवर्षे खणून दाखवले की नेमके खेळले तर विष पचते, आणि अनेक मुख्य फांद्या सततच्या शहाने बरोबरीत संपतात.

## येणे लांबचे असेल तर

बेंको गँबिट घ्या. काळा आरंभीच बी५ वर प्यादे देतो. ना सापळा, ना राजावर हल्ला. त्याला हवे असतात ए आणि बी हे दोन उघडे स्तंभ. तिथे हत्ती ठेवून पांढऱ्याच्या प्याद्यांवर तीस-तीस खेळ्या दाब देत राहायचे. वजिरांची मारामारी झाली तरी दाब कमी होत नाही. प्यादे मागे असलेल्या बाजूला मोहरी कमी झाल्यावर बरे वाटावे, हे सामान्य नियमाच्या उलट आहे.

जुन्या इंजिनाला यातले काय कळणार? तीस खेळ्यांचा दाब त्याच्या शोधाच्या पलीकडे. मूल्यांकन माणसांनी हाताने लिहिलेले: प्यादे १, घोडा आणि उंट प्रत्येकी ३, हत्ती ५, वजीर ९, त्यावर उघड्या स्तंभातल्या हत्तीला थोडे जास्त, राजासमोरची प्यादी हलली तर थोडे कमी. प्याद्याचा एक गुण ठसठशीत, बाकीचे सगळे अपूर्णांक. हे अपूर्णांक एकत्र आले की त्यांचे वजन बेरजेपेक्षा मोठे होते हे माणूस अनुभवाने जाणतो. बेरजेला ते जाणवत नाही.

मार्शल गँबिटचा प्रवास मला यात सर्वांत बोलका वाटतो. १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मार्शलने कापाब्लांकाविरुद्ध रुई लोपेझ या आरंभात डी५ खेळून ई५ चे प्यादे सोडले. कापाब्लांकाने ते घेतले, भयंकर हल्ला शांतपणे परतवला आणि डाव जिंकला. त्या एका डावावरून गँबिट संपायला हवा होता. पण काळ्याचे दोन उंट आणि पांढऱ्या राजाभोवतीचा दाब इतका टिकाऊ निघाला की आज काळ्याच्या भक्कम शस्त्रांत त्याची गणना होते, आणि पांढरी मोहरी घेऊन बसलेले अव्वल ग्रँडमास्टर वाट बदलून तो टाळतात. जुनी इंजिने इथे पांढऱ्याचे जादा प्यादे मोजत बसत. आताची खोल शिरली की आकडा शून्याकडे सरकतो, कारण प्यादे राहते पण त्याने जिंकता येत नाही.

## डीप ब्लूने घोडा दिला तेव्हा

११ मे १९९७. आयबीएमचा संगणक डीप ब्लू आणि जगज्जेता कास्पारॉव्ह यांच्यातला सहावा आणि शेवटचा डाव. कारो-कान बचावात कास्पारॉव्हने सातव्या खेळीला एच६ खेळून जी५ वरच्या घोड्याला हुसकले. डीप ब्लूने घोडा मागे नेण्याऐवजी ई६ वरचे प्यादे मारून तो अर्पण केला. काळ्याचा राजा मधेच अडकला आणि १९ खेळ्यांत कास्पारॉव्हने डाव सोडला. सामना ३.५-२.५ असा यंत्राने जिंकला.

सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणाऱ्या यंत्राने ते बलिदान हिशेब करून शोधले, असा समज अजूनही आहे. तसे झाले नव्हते. ती खेळी डीप ब्लूच्या ओपनिंग बुकमध्ये, म्हणजे माणसांनी आधीच भरून ठेवलेल्या आरंभीच्या खेळ्यांच्या साठ्यात होती. एका प्याद्यासाठी घोडा देण्याची भरपाई तेव्हाच्या यंत्राच्या वहीत सहजासहजी बसणारी नव्हती, म्हणून ती समज बाहेरून आणून ठेवावी लागली. आजचे साधे इंजिन ती खेळी बुकाशिवाय स्वतः करते. मधल्या काळात काय बदलले?

## यंत्र ‘येणे’ लिहायला शिकले

डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड कंपनीचे अल्फाझीरो हे इंजिन आले. त्याला फक्त नियम दिले होते. ते स्वतःशी लाखो डाव खेळले आणि कोणत्या स्थितीतून शेवटी कोण जिंकते हे न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे उदाहरणांवरून स्वतःच आकडे जुळवत शिकणाऱ्या गणिती जाळ्याच्या, साहाय्याने शिकले. तेव्हाच्या अव्वल इंजिनांपैकी एक असलेल्या स्टॉकफिश ८ विरुद्ध १०० डावांत त्याने २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरले नाही. सेकंदाला ते जेमतेम ८० हजार स्थिती पाहत होते, स्टॉकफिश सुमारे सात कोटी. म्हणजे खोल शोधावर त्याची मदार नव्हती.

प्रसिद्ध झालेल्या डावांपैकी एकात अल्फाझीरोने क्वीन्स इंडियन बचावात सातव्या खेळीला डी५ खेळून प्यादे सोडले आणि घोडा एच४ या कडेच्या घरावर नेला. कल्पना नवी नव्हती. १९८० मध्ये पोलुगायेव्स्कीने कोर्चनॉयविरुद्ध ती आणली होती. नवे हे, की यंत्राने ती कोणी न शिकवता, बुकाशिवाय निवडली. त्याला प्याद्याचा एक गुण ठाऊकच नव्हता. त्याला एवढेच ठाऊक होते की अशा स्थितीतून किती डाव जिंकले जातात.

स्टॉकफिशने पुढे याच दिशेने पाऊल टाकले. सप्टेंबर २०२० मधल्या स्टॉकफिश १२ मध्ये एनएनयूई नावाचे छोटे, वेगवान न्यूरल नेटवर्क बसवले गेले. मूळ कल्पना जपानी शोगी खेळासाठी यू नासू यांनी मांडली होती. गँबिटच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची. हे जाळे मोहऱ्याची किंमत एकेकटी शिकत नाही, तर ‘राजा या घरात असताना हे मोहरे त्या घरात’ अशा जोड्यांतून शिकते. राजा मधे अडकलेला असताना समोरच्या उंटाची किंमत आणि राजा कोपऱ्यात सुरक्षित असताना त्याच उंटाची किंमत वेगळी, हे आता मूल्यांकनातच आले. २०२४ मधल्या स्टॉकफिश १६.१ पर्यंत हाताने लिहिलेले जुने मूल्यांकन पूर्ण काढून टाकण्यात आले.

## मग आता आकडा म्हणजे अंतिम शब्द ना?

नाही. नवी समज गँबिटच्या बाजूनेच बोलते असेही नाही. बेंकोमध्ये आधुनिक इंजिने पांढऱ्याला बऱ्यापैकी वरचढ मानतात, तीही दाब नीट समजून घेऊन. किंग्ज गँबिटमध्ये ती साधारण अर्ध्या प्याद्याच्या आसपास काळ्याकडे झुकतात.

या अर्ध्या प्याद्याचा अर्थ काय? स्टॉकफिशच्या डिसेंबर २०२२ मधल्या १५.१ आवृत्तीपासून आकड्याची जुळणी अशी केली आहे की अधिक एक म्हणजे स्टॉकफिश स्वतःशी खेळले तर जिंकण्याची शक्यता ५० टक्के. उरलेले डाव बहुतेक बरोबरीत. अर्धे प्यादे म्हणजे त्याहूनही खूप कमी. पट्टीचा मूळ प्रश्न हा आहे: न चुकणारे, न थकणारे, न घाबरणारे दोन खेळाडू इथून पुढे खेळले तर काय होईल? समोर माणूस बसला असेल तर प्रश्नच वेगळा. प्रक्षेपणात एका आकड्याऐवजी विजय, बरोबरी, पराभव अशा तीन शक्यता दाखवल्या, तर प्रेक्षकांवरचा निम्मा अन्याय दूर होईल असे मला मनापासून वाटते. बरीच इंजिने हे तीन आकडे देतातच.

## किंग्ज गँबिट संगणकाने निकालात काढला म्हणतात, ते?

ही बातमी अजून फिरते. एप्रिल २०१२ च्या सुरुवातीला रिब्का इंजिनाचे कर्ते वासिक रायलिच यांची मुलाखत प्रसिद्ध झाली. एफ४ चे प्यादे मारल्यावर पांढऱ्याला फक्त उंट ई२ या खेळीने बरोबरी साधता येते, बाकी सगळ्या खेळ्या हरतात, असे संगणकांनी सिद्ध केल्याचा दावा तिच्यात होता. ती एक एप्रिलची गंमत होती आणि काही दिवसांत तसे जाहीरही झाले. पण अनेकांनी ती खरी मानली, कारण ऐकायला पटण्याजोगी होती.

प्रत्यक्षात ते शक्य नाही. चेकर्स हा खेळ २००७ मध्ये जोनाथन शेफर आणि सहकाऱ्यांनी पूर्ण सोडवला, दोघेही अचूक खेळले तर बरोबरी. बुद्धिबळात मात्र पटावर राजांसह सात मोहरी उरली असतील तेवढ्याच स्थितींची निश्चित उत्तरे कोष्टकांत आहेत. किंग्ज गँबिट स्वीकारल्यावर पटावर ३१ असतात. फिशरनेही १९६१ मध्ये या गँबिटचा फडशा पाडल्याचा लेख लिहिला होता, आणि नंतर तोच पांढऱ्याकडून तो खेळला.

## यंत्र घाबरत नाही, मग गँबिट खेळायचा कोणासाठी?

माणसांसाठी. १९९५ मध्ये रिगा इथे कास्पारॉव्हने आनंदविरुद्ध इव्हान्स गँबिट काढला, चौथ्या खेळीला बी४, शंभर वर्षांपूर्वीचे हत्यार. इंजिनाला विचारले तर त्यात पांढऱ्याला फायदा नाही. आनंद २५ खेळ्यांत हरला. त्या पातळीवरही अनोळखी जागेत घड्याळ चालू असताना एकेक अचूक उत्तर शोधणे किती जड जाते, ते या डावात दिसते.

म्हणून आपला गँबिट इंजिनावर तपासताना नुसता आकडा पाहू नका. इंजिनाला एकाऐवजी तीन-चार फांद्या एकदम दाखवायला सांगा. समोरच्याकडे चार ठीकठाक उत्तरे असतील तर तुमच्या गँबिटमध्ये दम नाही, मग आकडा शून्य का असेना. एकच उत्तर बरोबर असेल, दुसरे दोन प्याद्यांनी वाईट, आणि असे सलग चार-पाच वेळा घडत असेल, तर उणे अर्ध्याचा गँबिटही माणसासमोर जबरदस्त शस्त्र आहे. ते एकमेव उत्तर मोहरे मागे नेणारे किंवा राजाला उघड्यावर चालवणारे असेल तर आणखी चांगले, कारण तशा खेळ्या माणसाला सुचत नाहीत. इंजिनाला थोडा वेळही द्या. प्यादे सोडल्यासोडल्या दिसणारा आकडा आणि दोन मिनिटांनंतरचा आकडा यांत फरक पडला, आणि तो तुमच्या बाजूने सरकत गेला, तर भरपाई लांबची आहे पण खरी आहे. विरुद्ध बाजूने सरकत गेला तर समजा की तुमच्या हाती सापळाच होता.

## इंजिन स्वतःहून गँबिट का खेळत नाही?

खेळते, पण आपण त्याला गँबिट म्हणत नाही. कॅटलान या आरंभात पांढरा सी४ चे प्यादे जाऊ देतो आणि कित्येक खेळ्या परत घ्यायची घाई करत नाही. इंजिने यात आनंदाने राहतात. एरवी ती धोका पत्करत नाहीत, कारण समोरचाही आपल्याइतकाच ताकदवान आहे असे ती धरून चालतात. हे गृहीतक बदलता येते. समोरचा कमजोर आहे असे धरून बरोबरी टाळत खेळण्याची सोय काही इंजिनांत असते. लीला या इंजिनाच्या खास आवृत्त्या तर सुरुवातीलाच एक घोडा कमी घेऊन माणसांशी खेळतात, आणि मोहरी मारामारीत संपू न देता पट गुंतागुंतीचा ठेवतात. हिशेबाने हरलेला डाव ते यंत्र माणसाच्या चुकीची वाट पाहत जिंकते.

आणि दोन यंत्रे आमनेसामने असली की चित्र आणखी पालटते. नेहमीच्या संतुलित आरंभातून अव्वल इंजिनांचे डाव जवळपास सगळे बरोबरीत सुटतात, मग कोण श्रेष्ठ ते ठरणार कसे? म्हणून टीसीईसीसारख्या इंजिनांच्या स्पर्धांत आरंभ आयोजक ठरवून देतात, आणि ते मुद्दाम एका बाजूला झुकलेले निवडतात. त्यांत जुने, बदनाम गँबिटही येतात. प्रत्येक आरंभ दोनदा खेळवला जातो, रंग बदलून. एका इंजिनाला ज्या बाजूने बचाव करावा लागला, त्याच बाजूने पुढच्या डावात दुसऱ्याला करावा लागतो, आणि ज्याचा बचाव मोडतो ते गुण गमावते.